मेघालीचा दाखला

"भाऊ, मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही," मागून मेघाली म्हणाली आणि सावळारामची बोटं कीबोर्डवर थांबली. अर्धा दाखला टाइप झाला होता. उसंत आरोग्य मंडळ, नारपोली, भिवंडी. दाखला देण्यात येतो की कु. मेघाली बाळाराम केणे या आमच्या संस्थेत गेली सहा वर्षे शिवण प्रशिक्षिका या पदावर कार्यरत असून – इथपर्यंत तो विचार न करता आला होता. बोटांना ते पाठ होतं. देणगीदारांना पाठवायच्या प्रत्येक खर्चपत्रकात हे नाव आणि हे पद त्याने शेजारी शेजारी टाइप केलं होतं, आणि एकदाही त्याच्या डोळ्यांसमोर शिलाईचं मशीन आलं नव्हतं, की मेघालीही आली नव्हती. यायची ती फक्त एक ओळ, जिच्या उजव्या टोकाला चौदा हजार असतात. आता ती ओळ खुर्चीमागे उभी होती, गळ्यात दोन मोबाइलची पिशवी अडकवून, आणि हसत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे सावळारामला ठाऊक होतं. मंडळात येण्यापूर्वी अठरा वर्षं तो मागाच्या कारखान्यात मेहता होता, हजेरी आणि हिशेब बघायचा, आणि तिथे दर पंधरवड्याला रांगेत उभी असायची ती सगळी रागावलेलीच माणसं.

"मग काय लिहू?" त्याने विचारलं.

"मी जे करते ते."

"तू काय करतेस?" हे त्याला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं. मेघालीचं हसू थोडं आकसलं. "बघा भाऊ, सहा वर्षं तुमच्या पाठच्या खोलीत बसते मी. दाखला गुरुवारपर्यंत द्या. शुक्रवारी ते इथे फोन करून खात्री करणार, आणि मग सोमवारपासून ये बोलले तर जाणार. माणकोलीच्या गोदामात मालाची नोंद ठेवायचं काम आहे, कंप्युटरवर. चौतीस देतात. मी नेमणुकीचं पत्र दाखवलं ना, तर ती तिथली पोरगी हसली. बोलली, मॅडम, हम लोग यहाँ ब्लाउज नहीं सिलते."

पाठच्या खोलीत ती काय करते हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मंडळाचं काम म्हटलं तर साधं. मागावरच्या कामगारांच्या छात्या तपासायच्या, क्षयाचे रुग्ण शोधायचे, आणि सहा महिने रोज त्यांच्या पोटात गोळी जाते की नाही ते बघायचं. पण कामगार जागेवर राहत नाही. आज नारपोलीच्या कारखान्यात, उद्या शांतीनगरच्या, परवा लग्नासाठी मुलुखात, आणि गोळ्यांचं पाकीट खोलीतल्या खिळ्याला. फोन करावा तर मागांच्या खडखडाटात तो ऐकू जात नाही. मेघालीने काय केलं होतं, तर कोण दिवसपाळीत, कोण रातपाळीत, कुणाच्या गल्लीत वीज किती वाजता जाते, हे सगळं संगणकात घातलं होतं. संगणक रोज यादी काढून द्यायचा, की आत्ता या घटकेला या अकरा जणांचे माग बंद असतील, आत्ता फोन लावा. कुणी गावी निघाला तर त्याच्या तालुक्याच्या दवाखान्यात चिठ्ठी आधी पोचायची, माणूस मागून. हे सावळारामने कुठे वाचलं नव्हतं, कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. पाण्याचा माठ भरायला उठलं की उघड्या दारातून कानावर पडायचं तेवढंच. हां चाचा, गोली खाया क्या. झूठ मत बोलो चाचा, मेरे को कंप्यूटर बताता है. चाचा खोटं बोलायचे बंद होत, आणि सावळाराम माठाचं झाकण लावून आपल्या टेबलाशी येऊन त्या आवाजासमोर शिवण प्रशिक्षिका असं लिहीत असे.

यात पाप काय होतं, हे त्याने स्वतःला इतक्या वेळा विचारलं होतं की उत्तर गुळगुळीत झालं होतं. रूपाताईंना, म्हणजे ज्या डॉक्टरबाईंनी मंडळ काढलं त्यांना, पहिल्यापासून कळत होतं की संगणकाला माणूस लागतो. देणगीदारांनाही कळत असणार. पण त्यांच्या अर्जात तसा रकाना नव्हता. गोळ्या, शिबिरं, पत्रकं, गाडीभाडं, याला पैसे. कार्यालयीन खर्च म्हटलं की शंभरात दहाच्या वर नको, आणि त्या दहात भाडं, वीज, खुद्द सावळाराम आणि ऑडिटर बसवायचे. त्यात आणखी एक माणूस बसतच नव्हता. नेमकी त्याच साली बायकांच्या शिवणवर्गाला मंजुरी आली, त्यात प्रशिक्षिकेचं पगारी पद होतं, आणि रूपाताईंची नणंद निशाताई म्हणाली, मी शिकवीन, मला पैसे नकोत. म्हणजे वर्ग झाले, बायका शिकल्या, परकर-पोलकी शिवून विकू लागल्या. खोटं काही नव्हतं. एका बाईने काम केलं आणि पगार घेतला नाही, दुसरीने काम केलं आणि पगार घेतला. फक्त दोन ओळी एकमेकींच्या जागेवर बसल्या होत्या. कुणाच्या खिशात एक रुपया गेला नाही, असं सावळाराम स्वतःला म्हणे, आणि ते खरं होतं, आणि दरवेळी म्हणताना त्याला घशाशी थोडं सुकल्यासारखं होई. हिशेब जुळला की माणसाला ढेकर यायला हवी. त्याला खोकला यायचा.

वस्तूंचं तसं नव्हतं. वस्तू देताना देणगीदारांचे चेहरे उजळायचे. एका कंपनीने अकरा जुने संगणक पाठवले होते, प्रत्येकावर कंपनीचं नाव, त्यातले चार सुरू होते. एकीने टॅबलेट दिले, वीस, आणि रिचार्ज दिला नाही. वस्तूवर स्टिकर लावता येतो. माणसाच्या कपाळावर कोण लावून घेईल? आणि मग ते नऊ लाखांचं पुण्याचं सॉफ्टवेअर. पट्टे ओढलेले शर्ट घातलेली तीन मुलं आली, समोसे खाऊन गेली, आणि आठ महिन्यांनी एक देखणा पडदा पाठवला. तो आडनावाशिवाय पुढेच जाऊ देईना. आता आझमगडहून आलेला मुख्तार, त्याला आडनाव काय म्हणून विचारायचं? तो म्हणे, मुख्तार. आडनाव? मुख्तार, बोल दिया ना. शेवटी कार्यकर्त्यांनी आपसात ठरवलं आणि सगळ्यांचं आडनाव 'मागवाला' असं टाकलं. वर्षाच्या अहवालात चारशेच्या वर मागवाले निघाले. देणगीदारांच्या बैठकीत एका साहेबांनी काळजीने विचारलं, एकाच घराण्यात एवढा क्षय? रूपाताईंनी त्या दिवशी मंडळात परत येऊन डोकं धरलं, आणि दुसऱ्या दिवशी मेघाली म्हणाली, ताई, मी करून बघू का माझं काहीतरी? तिने बारावीनंतर धामणकर नाक्याजवळच्या संगणकाच्या क्लासात आठ महिने घालवले होते, बाकी सगळं रात्री जागून मोबाइलवर बघून. ते पुण्याचं सॉफ्टवेअर कागदोपत्री आजही चालू आहे. दोन हजार पंचवीस सालापर्यंत त्याच्या घसाऱ्याचा हिशेब सावळारामने स्वच्छ ठेवला आहे. जे चालतं त्याचा घसारा धरायला ते वहीत कुठे आहे?

आणि आता पाहा गंमत, ज्यांनी शिवणवर्गाला पैसे दिले त्याच देणगीदारांना एकाएकी शहाणपण सुचलं होतं. तीन वर्षांची तंत्रज्ञानाची योजना द्या, म्हणाले, काय वापरता, कोण चालवतं, त्याचा पगार किती आणि तो आजवर कुठून दिलात, सगळं लिहा, आम्ही माणसांसकट पैसे देऊ. त्यांचा माणूस शुक्रवारी येणार होता. सहा वर्षं ज्या रकान्याची वाट पाहिली तो उघडला होता आणि त्यात खरं लिहिलं तर सहा वर्षांची खर्चपत्रकं खोटी पडत होती. सगळ्यांवर सही एकाच वळणाची, सावळारामची, सा. म. म्हात्रे.

"ताई, मेघालीला संगणकाचा दाखला दिला तर तो कागद फिरतो," तो रूपाताईंना म्हणाला. त्या दोन रुग्णांच्या मधे होत्या, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात थंड झालेला चहा. "उद्या कुणी दोन्ही कागद एकत्र ठेवले तर ते दिलेले पैसे परत मागतील. दहा लाखांच्या वर जाईल. गोळ्यांचं अनुदान थांबेल ते वेगळं."

"आणि नाही दिला तर?"

"तर तिची नोकरी जाईल."

"कोणती? इकडची की तिकडची?" रूपाताईंनी विचारलं आणि स्वतःच हसल्या, पण चहा खाली ठेवला. "सावळाराम, मी तुम्हाला तेव्हा म्हटलं होतं का, असं लिहा म्हणून?"

"म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, बघा काही बसतं का. मी बसवलं."

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही फार छान बसवता." यात कौतुक किती आणि टोचणी किती हे त्याला घरी जाईपर्यंत ठरवता आलं नाही.

घरी जाताना शेअर रिक्षात तो मधे चेपून बसला होता, दोन्हीकडून परक्या माणसांचे खांदे, आणि गुडघ्यावर खर्चपत्रकांची फाइल. नाक्यावर ट्रक अडकला होता, सुताच्या बाचक्यांनी भरलेला, आणि त्याच्या मागे सगळं गाव भोंगे वाजवत उभं होतं. अशाच एका उन्हात, पंचवीस वर्षांपूर्वी, महादू त्याच्या टेबलासमोर उभा राहिला होता. शहापूरकडच्या कुठल्याशा पाड्यावरचा, अकरा वर्षं एकाच कारखान्यात चार माग चालवणारा. दोन्ही कान गेले होते. सरकारी कुठलीशी मदत मिळणार होती, त्यासाठी कागद हवा होता. "मेहताजी, मी हितं कामाला व्हतो येवढं लिवून द्या. दुसरं कायबी नको." सावळारामने हजेरीबुक उघडून दाखवलं होतं. बघ, यात तुझं नाव आहे का? नव्हतं. कुणाचंच नसायचं. पक्क्या बुकात सहा नावं, कारखान्यात चाळीस माणसं. बाकीची कच्च्या वहीत, आणि कच्ची वही दिवाळीला शेठ जाळायचे. "तुमी तर वळखता ना मला," महादू म्हणाला होता, आणि ऐकू येत नसल्याने नको तितक्या मोठ्याने म्हणाला होता. ओळखतो, सावळाराम म्हणाला, पण ओळखून काय उपयोग, बुकात हवं. महादूला ते ऐकू गेलं नाही. तो ओठांकडे बघत उभा राहिला, उत्तर अजून यायचं आहे अशा चेहऱ्याने. मग समजलं असावं. तेव्हा सावळारामला वाईट वाटलं होतं का? त्याला आठवून बघता आलं नाही. दरवाजाशी काढून ठेवलेल्या महादूच्या चपला आठवत होत्या, एक निळ्या पट्ट्याची, एक काळ्या. शेठची नोकरी सोडून तो मंडळात आला तेव्हा त्याला वाटलं होतं, आता बरं झालं, आता आपण बरोबर बाजूला. मंडळाने कितीतरी कामगारांना मालकांकडून कामाचे कागद मिळवून दिले. त्या अर्जांचे मसुदे त्यानेच लिहिले होते, फार छान लिहिले होते.

बायकोने, कमळने, ताटात माशाचं कालवण वाढताना विचारलं, काय झालं? काही नाही, तो म्हणाला. "काही नाही त येवढा गप कशाला?" ती म्हणाली. "एरवी जेवताना तुमचा आवाज खाडीपलीकडं जातो."

बुधवारी त्याने दाखला चार वेळा लिहून चार वेळा पुसला. गुरुवारी दुपारी त्याला सुचलं, आणि सुचल्याबरोबर त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. प्रत्येक खतावणीत शेवटी एक खातं असतं, इतर. ज्याला नाव देता येत नाही, किंवा द्यायचं नसतं, ते तिथे जाऊन निवांत बसतं, आणि ऑडिटर तिथे सहसा रेंगाळत नाही. त्याने लिहिलं: संस्थेच्या विविध कामांमध्ये त्यांनी मोलाचे योगदान दिले. विविध. या शब्दात शिलाई मावत होती, संगणकही मावत होता, आणि कुणी पकडू शकत नव्हतं. सही, शिक्का. मेघालीने उभ्याउभ्या वाचला. तिचे डोळे त्या शब्दावर थांबले, पुढे गेले, परत मागे आले. "मोलाचे," ती म्हणाली. मग कागदाची दुहेरी घडी केली, ती मोबाइलच्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, "चला, साडेचारला इदगाह रोडची पाळी सुटते, फोन लावते." भांडली नाही. भांडली असती तर त्याने तिला सगळं समजावून सांगितलं असतं, दहा लाख, अनुदान, गोळ्या. दाराआडून तिचा आवाज आला, रोजच्यासारखाच. हां चाचा. सावळाराम ऐकत राहिला. त्या आवाजात काही कमी झालंय का, हे तो अर्धा तास शोधत होता आणि सापडत नव्हतं, आणि सापडत नव्हतं म्हणून त्याला बसवेना.

शुक्रवारी माग बंद असतात. सगळ्या भिवंडीचा कान त्या दिवशी दुखतो, एवढी शांतता. देवेश नावाचा तो देणगीदारांचा माणूस अठ्ठावीस-तिशीचा निघाला, नम्र, चप्पल बाहेर काढून आला, पाणी मागून घेतलं. लॅपटॉप उघडून रूपाताईंसमोर आणि सावळारामसमोर बसला. "सर, मी विचारतो, तुम्ही सांगा, मी भरतो. टेक्नॉलॉजीची जबाबदारी कुणाकडे आहे?"

"सगळे मिळून बघतात," सावळाराम म्हणाला. हे उत्तर त्याने सकाळी अंघोळ करताना बसवलं होतं.

"सामूहिक जबाबदारी," देवेश टाइप करत म्हणाला. "छान."

रूपाताई खिडकीबाहेर बघत होत्या. आणि टेबलावरचा फोन वाजला. अनोळखी नंबर. सावळाराम फोन घेऊन गॅलरीत गेला, दार ओढून घेतलं. पलीकडे एक तरुण बाई, घाईत. "अंकल, मेघाली केणे का वेरिफिकेशन था. इसमें लिखा है, विविध कामे. विविध मतलब?"

"मतलब अलग अलग काम."

"हां, पर क्या? झाडू-पोछा भी अलग अलग काम होता है ना अंकल. पुराने लेटर में सिलाई टीचर है. मैं सिस्टम में क्या डालूँ? कुछ नहीं है तो मैं रिजेक्ट कर देती हूँ, मेरे पास और दो लोग हैं."

समोरच्या गॅलरीत एक म्हातारे मियाँ दाढीला मेंदी लावून उन्हात बसले होते. सावळारामला वाटलं की आपण हळूच सांगावं, फोनच्या तोंडाशी हात धरून, जे आहे ते. तिचंही होईल आणि आतही कळणार नाही. हे त्याने ठरवलं. इतकं तरी त्याचं त्याने ठरवलं. पण अठरा वर्षं ज्याने शंभर मागांवरून माणसांना हाका मारल्या त्याच्या घशाला हळू बोलणं माहीत नसतं. मागवाल्यांची लग्नंसुद्धा ओरडून ठरतात.

"सिलाई नहीं!" तो म्हणाला, आणि मियाँनी चमकून वर पाहिलं. "वो सिलाई नहीं जानती! कंप्यूटर का काम करती है. छह साल से. चारसौ बारा पेशंट का पूरा सिस्टम उसने बनाया, अकेली ने. नौ लाख का सॉफ्टवेअर नहीं चला, इसका चला. वो पुराना लेटर गलत है. मैंने लिखा. पैसा सिलाई के खाते में था, इसलिए सिलाई लिखा. मेरी गलती है, उसकी नहीं!"

"सुनाई दे रहा है अंकल, चिल्लाओ मत," ती म्हणाली. पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या. "ठीक है. मंडे साढ़े नौ बजे भेज दो."

"मंडे, साढ़े नौ! आएगी!" तो तसाच ओरडला.

बंद गल्लीत त्याचे शब्द अजून कुठेतरी आपटत असावेत असं त्याला वाटलं. मियाँ म्हणाले, "सब खैरियत, मेहताजी?" त्याने मान हलवली. दार उघडलं. देवेशची बोटं हवेत होती. रूपाताईंनी आता खिडकीकडे पाठ केली होती आणि सरळ त्याच्याकडे बघत होत्या, रुग्णाचा एक्स-रे बघावा तशा. तो खुर्चीत बसला. घसा सुकला नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं, उगाचच.

"सर," देवेश म्हणाला, "मग ते आमचे शिवणवर्ग?"

"झाले. ताईंच्या नणंदेने घेतले, फुकट. बायका शिकल्या, नावं देतो, जाऊन विचारा. प्रशिक्षिकेचा पगार आतल्या मुलीला दिला. सही माझी."

"आणि संमती माझी," रूपाताई म्हणाल्या.

"हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं," देवेश म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, आणि त्याक्षणी तो पंचवीस वर्षांनी लहान सावळाराम दिसत होता. "मला हे वर सांगावं लागेल. पैसे परत मागतील कदाचित. मी नाही सांगू शकत काय करतील."

"सांगा," सावळाराम म्हणाला.

देवेशने कपाळ चोळलं. 'सामूहिक जबाबदारी' एकेक अक्षर करून पुसलं. मग वेगळ्याच आवाजात, अर्जातून न वाचता, त्याने विचारलं, "पण ती सोमवारी चालली ना? मग सोमवारपासून हे बघणार कोण?"

सहा वर्षांत हा प्रश्न मंडळात कुणी विचारला नव्हता, आणि त्यानेही नाही. "अजून कुणी नाही," तो म्हणाला. "महिनाभर संध्याकाळी येऊन शिकवशील का, असं तिला विचारीन. नाही म्हणाली तर बरोबरच आहे. पण शिकणाऱ्याला पगार लागेल, तोही त्याच्याच नावाने."

"किती लिहू?"

जन्मभर सावळारामने समोरचा देईल त्याच्यापेक्षा थोडं कमी मागितलं होतं. त्यालाच तो व्यवहार समजायचा. त्याने रूपाताईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. "चौतीस," तो म्हणाला, आणि अर्थात ओरडूनच म्हणाला.

"चाळीस लिहा भाऊ," आतून मेघालीचा आवाज आला. ती उठून आली नव्हती, कुणालातरी फोन लावून थांबलेली असावी. "गोदामातला खोका एक गोळी चुकली म्हणून मरत नाही."

देवेशने वर पाहिलं नाही. त्याच्या बोटांकडे सावळाराम बघत होता. चार, आणि मग शून्यं, एकामागून एक. सावळारामने मोजली. चार शून्यं होती.